केसपेपरची बातमी

(दृश्य: लोअर परळ, सकाळची गर्दी)

साडेआठला पुलावरून माणसं उतरताहेत. पूर्वी इथं गिरणीचा भोंगा व्हायचा, आता त्याच आवारात काचेची ऑफिसं आहेत. त्यातल्या एका ऑफिसात प्रेसनोटचा तिसरा मसुदा चाललाय.

(दृश्य: कागदावर लाल पेन)

क्लायंट एक सॉफ्टवेअर कंपनी. तिची यंत्रणा सरकारी रुग्णालयात नोंदणीसाठी बसतेय. कंपनीकडून आलेलं पहिलं वाक्य होतं, ‘एंड-टू-एंड इंटिग्रेटेड डिजिटल सोल्युशन’. पीआर, म्हणजे जनसंपर्क, बघणाऱ्या बाईंनी त्यावर लाल रेघ ओढली आणि वर लिहिलं, ‘केसपेपर काढताना खिडकीवर नाव-पत्ता सांगत बसायला नको.’ कंपनीला हे फारच साधं वाटलं. बाई काही हटल्या नाहीत. मराठी मसुदा आधी, इंग्रजी नंतर, हा त्यांचा हट्ट आहे आणि आमच्या मते तो बरोबर आहे.

(दृश्य: मोबाइलचा पडदा, जवळून)

भिंतीवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. आपली माहिती रुग्णालयाला द्यायला होकार द्यायचा. टोकन नंबर येतो. तो खिडकीवर सांगितला की केसपेपर हातात. यामागे आहे १४ आकडी आभा क्रमांक, म्हणजे आपल्या आरोग्य-नोंदींचा ओळख क्रमांक. तो ज्या योजनेतला, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं ते २७ सप्टेंबर २०२१ रोजी.

(दृश्य: परळ, हाफकिन संस्थेची इमारत)

ही इमारत एके काळी गव्हर्नरांचं निवासस्थान होती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला. संशयितांना उचलून रुग्णालयात न्यायला लागले, पण कशासाठी ते धड कुणी सांगेना. अफवा उठल्या. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. पुढं जीवाणुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरी लोक बिचकतच होते. मग इस्माइली खोजांचे धर्मगुरू तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर दंड पुढं केला. प्रेसनोट नव्हती, पीआर एजन्सी नव्हती; काम मात्र हेच होतं, लोकांना समजावून विश्वास मिळवायचं.

(दृश्य: महापालिका मुख्यालय, बाहेरून)

गिऱ्हाईक सरकारी असलं की बातमी आधी खात्याची, मग कंपनीची. अधिकाऱ्याचं एक वाक्य छापायचं तरी ते वरून मंजूर होऊन यावं लागतं. तेवढ्यात आचारसंहिता लागली तर प्रेसनोट गेलीच कपाटात.

(दृश्य: संमतीपत्र, अंगठ्याचा ठसा)

फोटोसाठी ओपीडीतल्या एका मावशी तयार झाल्या. बाईंनी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवलं. ‘आजाराचं नाव पेपरात येणार न्हाई ना?’ मावशींनी दोनदा विचारलं. उत्तर ऐकून मगच अंगठा उठवला.

(दृश्य: आझाद मैदान, पत्रकार परिषद)

बॅनर, प्लास्टिकच्या खुर्च्या, कागदी बशीत वडे. कंपनीचे साहेब सुरुवात इंग्रजीतच करतात. मागून एक वार्ताहर विचारतो, ‘ज्याच्याकडं साधा फोन आहे, त्यानं काय करायचं?’ साहेब बाईंकडं बघतात. उत्तर आदल्या रात्री घोकून घेतलेलं आहे: ‘जुनी खिडकी चालू राहील.’ त्यांचं पहिलं मराठी वाक्य. पेनं खाली वाकतात.

बातमी छापून आली. पहिल्या सोमवारी सर्व्हर बसला, दुपारी उठला.

(दृश्य: ओपीडी. एक आजी क्यूआर कोडसमोर फोन उलटा धरून उभ्या. मागचा मुलगा तो सुलटा करून देतो. निवेदन नाही, फक्त ओपीडीचा गलका.)