रात्र ओळखणाऱ्या पेशी

उजाडलंय. गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनो जहाजांचे दिवे मात्र अजून जळताहेत. रात्रपाळी संपवून धक्क्यावर उतरलेला पेडण्याचा हा तरुण बसमध्ये खिडकीशी बसतो. बस पुलावर चढते आणि कोवळं ऊन थेट त्याच्या डोळ्यांत येतं. घरी आईनं खिडकीवर जाड चादर लावून ठेवलीय. अंग आंबलेलं आहे, पण डोळ्याला डोळा लागत नाही.

असं का होतं? डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर सुमारे 20,000 चेतापेशींचा पुंजका आहे. हेच आपल्या शरीराचं घड्याळ. अंधार पडला की तिथून निरोप निघतो, तोही सरळ नाही. तो मणक्यात उतरतो, मानेतल्या चेतागाठीतून वळसा घेतो आणि पुन्हा डोक्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या पिनियल ग्रंथीपाशी पोचतो. मग ग्रंथी रक्तात मेलाटोनिन हे रात्रीची खूण देणारं संप्रेरक सोडते. डोळ्यांवर उजेड पडला, की ते आटतं.

पण मेलाटोनिन रक्तात असून भागत नाही. ते ओळखणारं कुणी हवं. एमटी-1 आणि एमटी-2 हे ग्राहक, म्हणजे मेलाटोनिन टिपणारी प्रथिनं, काही चेतापेशींच्या आवरणावर असतात, घड्याळाच्या पेशींवरसुद्धा! म्हणजे ज्यांनी निरोप धाडला, त्यांनाच रात्र झाल्याची पोच मिळते. एमटी-1 त्यांची लगबग कमी करतो, एमटी-2 घड्याळाचे काटे सरकवायला मदत करतो. गाढ झोपेशीही एमटी-2 चा संबंध आहे, हे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात गॅब्रिएला गोब्बी यांच्या चमूनं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं. दिवसभराच्या आठवणी पक्क्या व्हायला गाढ झोपेची मदत होते. अल्झायमर बळावलेल्या रुग्णांच्या मेंदूत घड्याळाच्या पेशींवरचे एमटी-1 कमी झालेले आढळलेत. त्यामुळेच आजार होतो, असा अर्थ मात्र काढायचा नाही.

जत्रेत दशावतार बघत पहाट करणारी आपण माणसं. एका रात्रीचं जागरण मेंदू सांभाळून घेतो. महिनोन्‌महिन्यांची रात्रपाळी वेगळी. अशा माणसाला झोपेसाठी गोळी सुचवण्याआधी त्याच्या वाट्याला अंधार यायला हवा, घरी जाताना काळा चष्मा आणि घरात निजानीज.

पेडण्याच्या त्या घरापुढं आई फाटकाशी उभी आहे. पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वळणावर दिसताच ती हात करते. तो भोंपूवरचा हात काढतो, मुकाट्यानं चार पाव तिच्या हातात ठेवतो आणि पुढं जातो.