उन्हाच्या आधी पाणी

एप्रिल. सकाळचे आठ. गच्चीवर प्लास्टिक अंथरलंय, चार कोपऱ्यांवर विटा. आज पाच किलो बटाटे वाळत पडणार. बटाट्यात 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं; दोन-तीन दिवसांनी डब्यात भरायला जेमतेम किलोभर उरेल.

वाळवलं की सत्त्व जातं, असं आपण म्हणतो आणि उन्हाला नावं ठेवतो. ऊन काही निर्दोष नाही. पण आधी हे पातेलं बघा. वेफर्सच्या चकत्या रात्रभर यात भिजत होत्या. पाणी गढूळ झालंय, तो स्टार्च. न दिसणारंही बरंच काही त्यात उतरलंय : क जीवनसत्त्व, पोटॅशियम. दोन्ही पाण्यात विरघळणारी. चकती जितकी पातळ, तितकी गळती जास्त. हे पाणी मोरीत जातं. मग चकत्या उकळत्या पाण्यात, आणि तेही पाणी मोरीतच. ऊन लागायच्या आधीच एवढं घडून गेलेलं असतं.

किसाचं तसं नाही. बटाटे सालासकट अर्धवट उकडायचे, सोलायचे आणि थेट प्लास्टिकवर किसायचे. साल आहे तोवर आतलं फारसं बाहेर येत नाही. शिवाय चिरलेला बटाटा ज्या विकरामुळे काळा पडतो, ते उकळीनं निकामी होतं. नंतर वारा आणि उष्णता उरलेलं क जीवनसत्त्व कमी करतातच. मात्र स्टार्च आणि क्षार कुठे जात नाहीत.

आता शेजारचं गाजर. इथे सगळं उलटं. केशरी रंग म्हणजे बीटा-कॅरोटीन. त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून चकत्या वाफवायला भ्यायचं कारण नाही. वाफवलेल्या गाजराचा रंग उलट जास्त टिकतो. त्याचे वैरी दोन, उजेड आणि हवा. उघड्या उन्हातल्या या चकत्या फिकट झाल्यात. नुसता रंग गेलेला नाही, खायचं तेच गेलंय. सावलीत, पातळ कापडाखाली वाळलेल्या या दुसऱ्या चकत्या अजून केशरी आहेत. ज्या सोलर ड्रायरची वाळवणाची पेटी झाकलेली असते, त्यातही हेच साधतं : तापलेली हवा आत, उजेड बाहेर. गोठवून निर्वातात वाळवलं तर सगळ्यात जास्त टिकतं, पण ते यंत्र काही गच्चीवर येत नाही.

वाळल्यावरही गाजराचा रंग उडत राहतो, काचेच्या बरणीत तर खिडकीशी ठेवल्यावर भराभर. या घरात पत्र्याचा डबा आहे. झाकण घट्ट बसलंय. किसाचा डबा त्याच्यावर, आषाढी एकादशीपर्यंत.