तहाच्या कागदावर गेलेला मुलूख

(दृश्य : पन्हाळा, गडावर चढणारा रस्ता)

पन्हाळ्यावर आलेला माणूस तीन दरवाजा बघतो, अंबरखाना बघतो, सज्जा कोठीत उभं राहून खालचं खोरं बघतो. सिद्दी जौहरचा वेढा, शिवा काशीद, बाजीप्रभू हे सगळं कोल्हापूरच्या शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण याच गडाला चार दरवाजा नावाचा आणखी एक मोठा दरवाजा होता. तो जौहरच्या तोफांनी पाडलेला नाही. तो इंग्रजांनी पाडला, १८४४ साली. आणि तेव्हा कोल्हापूर आणि ईस्ट इंडिया कंपनीचं सरकार यांच्यात दोस्तीचा तह होऊन बत्तीस वर्षं झाली होती.

(दृश्य : मालवणचा किनारा, समोर सिंधुदुर्ग)

सुरुवात समुद्रावर झाली. सिंधुदुर्ग कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १७६५ मध्ये कंपनीच्या आरमारानं तो जिंकला आणि शिवरायांनी बांधलेल्या किल्ल्याचं नाव ठेवलं फोर्ट ऑगस्टस. कोल्हापूरच्या राणी जिजाबाईंच्या कारभारात पैसे मोजून तो परत घ्यावा लागला. आपलाच किल्ला, आपल्याच पैशानं.

पुढे कोल्हापूर चहूबाजूंनी पिचत गेलं. एकीकडे पटवर्धन सरदार, दुसरीकडे निपाणीचे देसाई, डोक्यावर पेशवे. कंपनीची तक्रार अशी की कोल्हापूरची गलबतं व्यापारी जहाजं लुटतात. १८१२ मध्ये तह झाला. मालवणचं बंदर आणि सिंधुदुर्ग कंपनीला मिळाला. बदल्यात कंपनीनं कोल्हापूरच्या रक्षणाची हमी दिली, आणि त्या हमीला जोडून एक अट घातली : कंपनीला विचारल्याशिवाय कोणाशीही लढाई करायची नाही. ज्या राजांच्या कारकिर्दीत हे घडलं, त्यांचंही नाव शिवाजी महाराजच होतं. हे वाचताना आजही जीव तुटतो.

त्या राजांना दोष देणं सोपं आहे. पण दारात पेशव्यांची फौज आणि समुद्रात कंपनीची जहाजं असताना त्यांच्यापुढे दुसरी वाट कोणती होती?

(दृश्य : जुना नकाशा, चिकोडी आणि मनोळी)

पेशवाई बुडाली तेव्हा कोल्हापूर कंपनीच्या बाजूनं होतं. बक्षीस म्हणून चिकोडी आणि मनोळी हे परगणे मिळाले. दहा वर्षंही टिकले नाहीत. कोल्हापूरचे तेव्हाचे छत्रपती बुवासाहेब महाराज आसपासच्या जहागिरींवर चालून जात, कागल आणि इचलकरंजीला त्यांचा त्रास झाला, हे खरं आहे. पण कंपनीनं वसूल काय केलं ते बघा. १८२७ च्या तहानं चिकोडी आणि मनोळी परत गेले. कोल्हापूरनं फक्त चारशे घोडेस्वार आणि आठशे पायदळ ठेवायचं असं ठरलं. खुद्द कोल्हापुरात आणि पन्हाळ्यावर इंग्रजांची शिबंदी बसली. कारभारी कोण असावा, हेही इंग्रजच ठरवणार. बळी तो कान पिळी, आणि कान पिळून घेणाऱ्यानंच खाली शिक्का उमटवायचा!

(दृश्य : सामानगड, तटावरून दिसणारी शेतं)

गडावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ते गडकरी. पगार नावापुरता, खरा आधार गडाखालच्या इनाम जमिनीचा. रात्री पहारा, दिवसा नांगर. बुवासाहेबांनंतरचे राजे अजून लहान होते आणि १८४३ मध्ये इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडितांना कारभारी नेमलं. त्यांनी गडांवरची जुनी व्यवस्था मोडून कारभार मामलेदाराकडे दिला. आता जमिनीही जाणार, अशी धास्ती गडकऱ्यांना पडली. १८४४ च्या जुलैमध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. मग भुदरगड उठला, मग पन्हाळा. पन्हाळ्यावर तर त्यांनी कर्नल ओव्हान्स या इंग्रज अधिकाऱ्यालाच कैद करून ठेवलं.

ज्यांचा मुलूख दरबारात बसून लिहून दिला गेला, त्यांच्यातल्या साध्या माणसांनी दिलेलं हे उत्तर होतं. या लढ्याची आठवण कोल्हापूरनं फार थोडी ठेवली, याचं मला वाईट वाटतं.

ऑक्टोबरमध्ये सामानगड पडला. १ डिसेंबरला पन्हाळा पडला. त्यानंतर इंग्रजांनी किल्ल्यांची तटबंदी आणि दरवाजे पाडायला घेतले, आणि गडकऱ्यांची शिबंदी कायमची मोडून काढली.

(दृश्य : कोगनोळी टोलनाका, महामार्गावरची वाहनं)

चिकोडी कोल्हापूरला परत मिळाली नाही. इंग्रजांनी ती बेळगाव जिल्ह्यात घातली. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा चिकोडी शंभराहून अधिक वर्षं दुसऱ्या जिल्ह्यात मुरलेली होती. १९५६ मध्ये राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा बहुतेक ठिकाणी अख्खा जिल्हा हाच हिशेब धरला. बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा आपल्याकडे आला, बाकी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. चिकोडी तिकडे, निपाणी तिकडे. सीमा ठरण्यामागे भाषेची, राजकारणाची इतर कारणंही होती. तरी १८२७ चा तो कागद नसता, तर १९५६ ला चिकोडीचा विचार कोल्हापूरबरोबर झाला असता, असं मला ठामपणे वाटतं. सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. कागल सोडून दूधगंगा ओलांडली की आज पाट्या कन्नडमध्ये दिसू लागतात, आणि निपाणीच्या बाजारात भाव मराठीतच विचारला जातो.