तळघरातला गळा, बाबेल्सबर्गचा माइक

[दृश्य: प्रकाशपेटीवर ३५ मिमी फिल्मची पट्टी, अगदी जवळून]

बर्लिनच्या कॅबरेतले, म्हणजे टेबलांपुढच्या छोट्या रंगमंचांवरचे, गळे जर्मनीच्या सुरुवातीच्या बोलपटांना कसे कामी आले, त्याची ही गोष्ट. छिद्रांची रांग आणि चित्राची चौकट यांच्यामध्ये करड्या रेघांची ही जी अरुंद पट्टी दिसते, तो आवाज. रेघा दाट-विरळ होतील तसा फोटोसेलवर, म्हणजे उजेडाची वीज करणाऱ्या नळीवर, पडणारा उजेड कमी-जास्त होतो आणि त्या फरकावर लाउडस्पीकर बोलतो. मात्र या चौकटीतल्या ओठांचा आवाज या चौकटीशेजारी सापडायचा नाही. तो सुमारे २० चौकटी पुढे छापलेला असतो. चित्र प्रोजेक्टरच्या गेटमधून थबकत थबकत जाते, आवाजाला मात्र सलग वाहावे लागते, म्हणून दोघांना वाचायच्या जागा वेगळ्या. ऑपरेटरने मधला लूप, म्हणजे फिल्मचा सैल फास, चुकीच्या मापाचा ओवला, की शब्द आधी ऐकू येतो आणि ओठ मागून हलतात.

मूकपटाचा कॅमेरा बरीच वर्षे हाताने फिरवला जाई. सेकंदाला १६ चौकटी गेल्या काय नि २० गेल्या काय, कोणाचे फारसे अडत नसे. बोलपटाने २४ ची सक्ती केली, कारण वेग ढळला की सूर ढळतो. मिनिटाला २७ मीटरच्या वर फिल्म खपू लागली. ३०० मीटरचे रीळ जेमतेम ११ मिनिटांचे.

[दृश्य: बाबेल्सबर्ग, खिडक्या नसलेली विटांची इमारत, चारही बाजूंनी]

बर्लिनच्या वेशीवरचे बाबेल्सबर्ग. इथे १९१२ मध्ये पहिला स्टुडिओ उभा राहिला तो काचेचा होता, उन्हात चित्रण करता यावे म्हणून. बोलपटाला ही काच निकामी ठरली. पाऊस आला की छप्पर वाजणार, गाडी गेली की तावदाने थरथरणार. १९२९ मध्ये 'ऊफा' कंपनीने ही नवी इमारत बांधली. वरून क्रुसाच्या आकाराची, म्हणून तिला 'टोनक्रॉइत्स', म्हणजे आवाजाचा क्रूस, म्हणत. चार बाहूंत चार स्टुडिओ, जाड भिंती, आत दिवसाच्या उजेडाचा कवडसासुद्धा नाही.

यंत्र नवे नव्हते. फोग्ट, मासोले आणि एंगल या तिघांनी फिल्मवर छापलेला आवाज बर्लिनच्या अल्हाम्ब्रा चित्रगृहात १७ सप्टेंबर १९२२ रोजीच लोकांना ऐकवला होता. सात वर्षांनी भिंतीही तयार झाल्या. आता माइकसमोर गळा कोणाचा, हा प्रश्न उरला.

[दृश्य: कांटश्ट्रासेवरील टेआटर डेस वेस्टन्सची दर्शनी बाजू, तळघराकडे उतरत्या पायऱ्या]

मोठ्या रंगभूमीवरचा नट शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे बोलतो. त्या काळच्या माइकपुढे हेच अंगाशी येई. जोरदार स्वर फाटका उमटे, आणि त्याच्या बेताने माइक लांब नेला की खोलीची घुमणी शब्दांवर चढे. याउलट या इमारतीच्या तळघरात १९२१ मध्ये ट्रूड हेस्टरबर्गने 'विल्डे ब्यूने' नावाचे कॅबरे सुरू केले, तेव्हा गाणाऱ्या बाईपासून पहिले टेबल हाताच्या अंतरावर होते. इथे ओरडून चालत नाही. फडावरची लावणी आणि बैठकीची लावणी यांत गळ्याचा जो फरक, तोच इथे.

जर्मन कॅबरेची सुरुवात धरतात ती १८ जानेवारी १९०१ ची. त्या दिवशी बर्लिनमध्ये एर्न्स्ट फोन व्होल्ट्सोगेनचे 'यूबरब्रेट्ल' उघडले. त्याच वर्षी म्यूनिकमध्ये 'अकरा जल्लाद' नावाचा मेळा उभा राहिला, त्यात नाटककार फ्रांक वेडेकिंड स्वतः गिटार घेऊन आपली गाणी म्हणत. तेव्हा कैसरचे राज्य होते आणि रंगमंचावर म्हणायचा मजकूर आधी पोलिसांकडे द्यावा लागे. कागदावरचा शब्द पोलीस खोडू शकत. दोन शब्दांमधली थांबण्याची जागा त्यांना खोडता येत नसे. भुवई, श्वास, कडव्याच्या आधी घेतलेला अर्धा क्षण यांत अर्थ भरायची सवय या मंडळींना लागली ती अशी. नोव्हेंबर १९१८ मध्ये सेन्सॉर उठले, तरी सवय गेली नाही, आणि पुढे माइकला नेमकी तीच हवी होती.

क्लेअर वाल्डॉफ १९०७ पासून बर्लिनच्या रंगमंचावर गात होती. अस्सल बर्लिनी बोलीची राणी म्हणून तिचा लौकिक. बाई मूळची गेल्सनकिर्शनची, म्हणजे पार दुसऱ्या टोकाची! रोझा व्हालेटीने १९२० मध्ये कुर्फुर्स्टनडाम रस्त्यावर 'ग्रोसेनव्हान' नावाचे कॅबरे काढले. भरड, चरचरीत आवाज, आणि राजकीय गाण्यांना तोच शोभे. ब्लांडिन एबिंगरचा आवाज बारीक, उपाशी पोरीसारखा. तिच्यासाठी गाणी रचणारा फ्रीडरिश हॉलंडर तेव्हा तिचा नवरा होता. या आवाजांत शास्त्रशुद्ध म्हणावा असा एकही नव्हता, आणि अडलेही नाही कोणाचे.

[दृश्य: आजची गायिका आणि पियानोवादक, एकच धृपद तीन वेळा]

शान्सों, म्हणजे कॅबरेतले गोष्ट सांगणारे गाणे, म्हणण्याची रीत आता नीट पाहा. तीन किंवा चार कडवी, प्रत्येकानंतर तेच धृपद. धृपदाचे शब्द बदलत नाहीत, अर्थ बदलतो. पहिल्यांदा ते सरळ म्हणायचे, सुरात. दुसऱ्यांदा ओळीचा शेवट बोलून टाकायचा. सूर अर्ध्यावर सोडला तरी पियानो तो पुरा करतो. तिसऱ्या कडव्यात गोष्ट उलटते, आणि मग त्याच धृपदाला गायिका जवळजवळ हातही लावत नाही. व्यंजने पुढे, स्वर मागे. स्वर लांबवला की गाणे ऑपेरेटाकडे, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकेकडे, घसरते आणि शब्द विरघळतो.

पियानोवाल्याने ठेका धरून ठेवायचा नाही. डाव्या हाताने चाल तेवढी चालू ठेवायची आणि उजवा हात गायिकेच्या श्वासावर. नवखा वादक नेमका इथे चुकतो. ती थांबते, हा पुढे जातो, आणि हशाची जागा स्वरांखाली बुडते.

हशाचे गणित स्टुडिओत वेगळे होते. तळघरात लोक हसले की गायिका थांबते, हशा उतरणीला लागला की पुढची ओळ टाकते. स्टुडिओत हसायला कोणी नाही, कामगारांना तर खोकायचीही बंदी. जागा सोडली आणि चित्रगृहात कोणी हसले नाही, तर पडद्यावर भोक पडते. सोडली नाही आणि लोक खदखदले, तर पुढची ओळ वाया. यावर तोड म्हणजे हशाच्या जागी काहीतरी करून दाखवायचे: पेला उचलायचा, मोजा वर ओढायचा, सिगारेट पेटवायची. मूकपटाला ते नुसती हालचाल वाटली असती. इथे ती वेळ भरून काढते.

[दृश्य: रंगभूषेचे टेबल, ग्रीजपेंटच्या कांड्या, चेहऱ्याचा अर्धा भाग रंगवलेला]

या कांड्या लाइश्नर पद्धतीच्या. लुडविग लाइश्नर हा बर्लिनचा ऑपेरा गायक आणि रसायनाचा जाणकार. त्याच्या कारखान्याच्या कांड्यांना क्रमांक असत. ५ म्हणजे फिकट हस्तिदंती, ९ म्हणजे विटकरी लाल. रंगभूमीवर वर्षानुवर्षे ५ आणि ९ मिसळून चेहरा बसवत. आधी कोल्ड क्रीम, मग ते फडक्याने जवळपास पूर्ण पुसून काढायचे. क्रीम राहिले की दिव्यांच्या उष्णतेत रंग घसरतो. कपाळ, गाल, हनुवटीवर पट्टे ओढायचे, बोटांनी कडेकडे पसरायचे, पावडर दाबून बसवायची, जादा पावडर मऊ ब्रशने झाडायची.

आता हाच चेहरा मूकपटाच्या जुन्या फिल्मवर. ती फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक, तिला निळा आणि हिरवा दिसे, लाल दिसत नसे. ९ क्रमांकाचा विटकरी रंग काळवंडतो. लाल ओठ काळे ठिक्कर होतात. निळे डोळे पांढुरके पडून आंधळ्यासारखे दिसतात. म्हणून चित्रपटात पिवळसर थर, फिकट ओठ आणि डोळ्यांभोवती सावली. कॅबरेतून थेट स्टुडिओत आलेल्यांना चेहरा धुऊन पुन्हा पहिल्यापासून बसावे लागे.

[दृश्य: कार्बन आर्क दिवा पेटवताना, काळ्या काचेतून]

दोन कार्बनच्या कांड्या एकमेकींना टेकवायच्या आणि काही मिलिमीटर दूर करायच्या. मधल्या फटीत हा उजेड पेटतो. कांड्या जळत जातात, फट वाढते, दिवा लुकलुकतो आणि शीळ घालतो. जर्मन स्टुडिओंत या दिव्यांना सर्रास 'युपिटर' म्हणत. त्यांतल्या अतिनील किरणांनी नटांचे डोळे रात्रीतून सुजत आणि दुसऱ्या दिवशीचे काम बुडे.

ही शीळ माइकने पकडली. मग स्टुडिओंनी तारेचे दिवे आणले, मोठे बल्बच म्हणा. ते मुके, पण त्यांचा उजेड तांबूस, आणि जुन्या फिल्मला तांबडे दिसत नाही. म्हणून सगळे रंग पाहणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली. तिच्यासाठी पिवळा थर चालेना, म्हणून रंगभूषा पुन्हा बदलली. एका आवाजापायी दिवा, फिल्म आणि गालाचा रंग, तिन्ही एकामागोमाग बदलले. कॅमेऱ्याची घरघर उरली. त्याला काचेच्या खिडकीच्या ध्वनिरोधक खोपटात कोंडले. मूकपटात वाटेल तिथे हिंडणारा कॅमेरा खिळून बसला, आणि आत कॅमेरामन घामाघूम.

[दृश्य: 'ब्लू एंजल'मधील तमाशागृह, मंचावर अर्धवर्तुळात बसलेल्या बायका]

४ नोव्हेंबर १९२९. बाबेल्सबर्गमध्ये 'ब्लू एंजल' या बोलपटाचे चित्रण सुरू झाले, ते जानेवारी १९३० पर्यंत चालले. निर्माता एरिश पॉमर, दिग्दर्शक जोसेफ फॉन स्टर्नबर्ग, आधार हाइनरिश मानच्या १९०५ च्या कादंबरीचा. नायक एमिल यानिंग्ज, मूकपटाचा बादशहा, अभिनयाच्या पहिल्या ऑस्करचा मानकरी.

यानिंग्जच्या भोवती कोण उभे आहेत ते पाहा. जादूगार कीपर्ट झालेला हा धिप्पाड माणूस म्हणजे कुर्ट गेरॉन. ३१ ऑगस्ट १९२८ च्या रात्री 'थ्री पेनी ऑपेरा' या संगीत नाटकाच्या पहिल्या प्रयोगात मॅक द नाइफचे गाणे लोकांनी पहिल्यांदा ऐकले ते याच्या तोंडून. चित्रपटात कीपर्टची बायको गुस्टे झालेली रोझा व्हालेटी, 'ग्रोसेनव्हान'ची मालकीण. त्या ऑपेरात मिसेस पीचमही तीच. संगीत हॉलंडरचे. मंचासमोर वाजवणारा बँड वाइनट्राउब्स सिन्कोपेटर्स, हाही कॅबरे आणि रेव्ह्यूंतला (रेव्ह्यू म्हणजे नाच, गाणी, नकला जोडून केलेला खेळ). हान्स आल्बर्स आणि मार्लेन डीट्रिश रेव्ह्यूतून आलेले. 'झ्वाय क्राव्हाटेन' या रेव्ह्यूत दोघांबरोबर व्हालेटीही होती आणि स्टर्नबर्गने डीट्रिशला हेरले ते तिथेच. तिच्या पायांवर आजवर पुरेसे लिहून झाले आहे. या चित्रपटाचा कणा मात्र गेरॉन आणि व्हालेटीच्या तोंडच्या भांडणांत आहे: दोघे एकमेकांचे वाक्य संपू देत नाहीत, तरी एकही शब्द हरवत नाही. नवशिक्यांनी एकावर एक बोलायला घेतले असते तर त्या काळच्या माइकने नुसता गोंगाट टिपला असता. हे दोघे शेवटचे अक्षर सोडतात आणि पुढच्याचे पहिले अक्षर त्या जागी बसते.

मंचावर ओळीने बसलेल्या या बायका दिग्दर्शकाच्या डोक्यातून आलेल्या नाहीत. 'टिंगलटांगल' म्हणजे हलक्या दर्जाच्या गाण्याच्या बारमध्ये गाणाऱ्या बायका अशाच बसून राहत, पाळी आली की उठत, आणि मधल्या वेळात गिऱ्हाइकांकडून दारूचा खप वाढवत.

[दृश्य: डीट्रिशच्या चाचणीची जपून राहिलेली फिल्म]

ही डीट्रिशची चाचणी. गाता गाता ती थांबते, पियानोवाल्यावर खेकसते, आणि त्याच दमात पुन्हा सुरात शिरते. साथीदाराशी भांडण हा कॅबरेचा जुनाच खेळ. बोलण्यातून गाण्यात जाताना सांधा दिसू द्यायचा नाही, एवढेच त्यात साधायचे असते, आणि ते तिला साधले आहे. आवाजाची पट्टी खालची, झेप थोडी. चित्रपटात ती पिंपावर बसून म्हणते त्या गाण्याला हॉलंडरने संथ वॉल्ट्झ दिला आणि चाल तिच्या बोलण्याच्या आसपास ठेवली.

[दृश्य: रंगपटाचे दार; उघडते, मिटते]

रंगपटातल्या दृश्यांत कान दाराकडे ठेवा. दार उघडले की बँड आत येतो, मिटले की कापल्यासारखा बंद. खऱ्या दाराआडून थोडे तरी ऐकू आले असते. पण वेगवेगळे आवाज मागाहून एकत्र करणे तेव्हा भरवशाचे नव्हते. जे चित्रणाच्या वेळी माइकवर आले तेच पुष्कळदा अंतिम. स्टर्नबर्गने ही अडचण लपवली नाही, दारालाच कामाला लावले.

दुसऱ्या भाषेतला आवाज मागाहून चढवणेही तेव्हा भरवशाचे नव्हते, म्हणून चित्रपट दोनदा घडला. एक प्रसंग जर्मनमध्ये, मग त्याच सेटवर इंग्रजीत. दोन्ही आवृत्त्या आज पाहायला मिळतात. इंग्रजीत गेरॉन आणि व्हालेटी शब्द जपून टाकतात, आणि भांडणातली ती अक्षरांची देवघेव तिथे उरत नाही. तुलना करायची तर हेच प्रसंग लागोपाठ लावून पाहावेत.

[दृश्य: ग्लोरिया-पालास्टचे जुने छायाचित्र, नंतर कलावंतांची छायाचित्रे]

१ एप्रिल १९३० रोजी ग्लोरिया-पालास्टमध्ये पहिला खेळ झाला आणि डीट्रिश त्याच रात्री अमेरिकेच्या वाटेला लागली. १९३३ मध्ये नाझींनी चित्रपटावर बंदी घातली. यानिंग्ज आणि आल्बर्स जर्मनीत काम करत राहिले. व्हालेटी १९३७ मध्ये व्हिएन्नात वारली. वाइनट्राउब्स फिरत फिरत ऑस्ट्रेलियाला पोचले. हॉलंडर पॅरिसमार्गे हॉलीवूडला गेला. गेरॉन नेदरलंड्समध्ये पकडला गेला, टेरेझिनच्या छावणीत त्याच्याकडून नाझींनी प्रचारपट करवून घेतला, आणि ऑक्टोबर १९४४ च्या अखेरीस त्याला आणि त्याच्या बायकोला ऑशविट्झला नेऊन मारले.