पहिला रीफ टँक लावताय? पाणी उडतं, मीठ उडत नाही

नमस्कार मंडळी. आज कॅमेरा माझ्या रीफ टँकच्या, म्हणजे कोरल (प्रवाळ) आणि समुद्री मासे ठेवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या, अगदी जवळ लावलाय. काचेवर हा निळ्या टेपचा तुकडा दिसतोय? त्याच्याखाली बोटभर पाणी उतरलंय बघा. आजचा व्हिडिओ या बोटभर जागेबद्दल आहे.

गेले कित्येक महिने कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो, "ताई, पहिला रीफ टँक लावायचाय, कुठून सुरुवात करू?" आणि टँक लावून महिना झाला की त्याच मंडळींचा दुसरा प्रश्न येतो, "ताई, पाणी कमी झालंय, किती मीठ टाकू?" पहिल्याचं उत्तर भराभर देते, कारण त्यावर माहिती भरपूर आहे. दुसऱ्यापाशी मात्र आज ठाण मांडून बसणार आहे.

तर भराभर. टँक १०० लिटरच्या खाली नको. माझा पहिला ६० लिटरचा होता, म्हणून सांगते. पाणी कमी असलं की प्रत्येक चूक दुप्पट वेगाने अंगाशी येते. स्टँड लेव्हलमध्ये आणि भक्कम, कारण १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, वर दगड आणि काच वेगळी. आधी दगड थेट काचेवर बसवा आणि मग भोवती वाळू पसरा. उलटं केलंत तर वाळू उकरणारा मासा एक दिवस दगडच पाडेल. हीटर २५-२६ अंशांवर. पाणी सतत हलतं ठेवायला वेव्हमेकर. लाइट निळ्याकडे झुकणारा, कारण कोरलच्या पेशींमध्ये झूझॅन्थेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि ते त्या उजेडावर अन्न करून कोरलला पोसतं. स्किमर, म्हणजे फेसातून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र, घेतलात तर उत्तम. छोट्या टँकमध्ये नियमित पाणी बदलणार असाल तर सुरुवातीला त्याच्यावाचून अडत नाही.

मग सायकलिंग, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू टँकमध्ये वाढवणं. मासे न टाकता बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (लिटरला २ मिलिग्रॅम) द्यायचा आणि थांबायचं. एक जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. दिलेला अमोनिया २४ तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, असं दिसलं की टँक तयार. कोरडे दगड असतील तर चार ते सहा आठवडे धरूनच चाला. "स्वस्तातला एखादा मासा टाकून सायकल केली तर?" असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: नाही. अमोनियाने माशाचे कल्ले भाजतात. स्वस्त माशाचेही भाजतात.

त्यानंतर सगळं तपकिरी होईल, ते डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल. मग शैवालाचे हिरवे केस उगवतील. घाबरू नका, टँक वयात येतोय.

आता मीठ. मरीन सॉल्टच, म्हणजे समुद्री टँकसाठी बनवलेलं क्षारांचं मिश्रणच वापरायचं, आणि पाणी आरओडीआयचं, म्हणजे क्षार काढून टाकणाऱ्या फिल्टरचं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. पाण्यात मीठ टाकायचं. मिठावर पाणी ओतायचं नाही, कारण सुरुवातीच्या घट्ट द्रावणात कॅल्शियम खाली बसतं आणि पाणी दुधाळ होतं. बादलीत छोटा पंप सोडून काही तास फिरू द्या आणि ३५ पीपीटी आलं की टँकमध्ये घाला. ३५ पीपीटी म्हणजे १ किलो समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत, म्हणजे साध्या पाण्याच्या किती पट जड या मापात, तेच साधारण १.०२६.

इथपर्यंत सगळे बरोबर येतात. गाडी घसरते ती टेपच्या या रेघेखाली.

पाणी उडालं. वाफ होऊन गेलं. पण गेलं काय? फक्त पाणी. मीठ जागच्या जागी आहे. म्हणजे या बोटभर जागेत परत घालायचं ते फक्त साधं आरओडीआय पाणी, मीठ नाही. चिमूटभरही नाही.

मला माहितीय, ऐकताना सोपं वाटतं. मलाही सोपं वाटलं असतं, कुणी सांगितलं असतं तर. मला टँक विकणाऱ्याने सांगितलं होतं, "समुद्राचा टँक आहे, समुद्राचंच पाणी भरायचं." मी दर चार दिवसांनी मन लावून बादलीत मीठ कालवायचे, ३५ मोजायचे आणि रेघेपर्यंत भरायचे. टँकमध्ये एक क्लीनर श्रिंप होती, लाल पाठ आणि मधोमध पांढरा पट्टा. पाण्यात हात घातला की दगडाखालून यायची आणि लांब पांढऱ्या मिशा हलवत माझ्या नखांभोवतीची कातडी टिपायची. महिना झाला आणि ती यायची थांबली. शंख काचेवर चढेनात, वाळूत तोंड मिटून पडून राहिले. मी हायड्रोमीटर, म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी काट्यावर दाखवणारं साधन, लावला, आकडा १.०२५. सगळं ठीक! दोन दिवसांनी एका मित्राचा रिफ्रॅक्टोमीटर आणला, तो पाण्यात प्रकाश किती वळतो त्यावरून क्षार मोजतो. ४४ पीपीटी. हायड्रोमीटरच्या काट्यावर मिठाचा पातळ थर धरला होता, काटा जड झाला होता आणि आकडा कमी दाखवत होता. श्रिंप त्या रात्री गेली. मासे दोन्ही जगले.

मासे का जगले आणि ती का गेली, यावर मी नंतर बरंच वाचलं. समुद्रातला मासा सतत पाणी पितो आणि जादाचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. त्याच्या रक्तातलं मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा कमीच असतं, तो ते तसं राखतो. श्रिंप, शंख, कोरल यांच्याकडे ही ताकद फार तोकडी आहे. बाहेर जे, तेच हळूहळू आत. म्हणून "मासे तर छान पोहताहेत" हा पुरावा धरू नका. शंख बघा.

आता हिशोब करू, कारण काही जणांना आकड्यांशिवाय पटत नाही, आणि ते बरोबरच आहे. १०० लिटर पाणी, ३५ पीपीटी, म्हणजे ढोबळ साडेतीन किलो मीठ. रोज २ लिटर उडालं. पाच दिवसांत १० लिटर गेलं, ९० उरलं. मीठ तेवढंच, साडेतीन किलो. म्हणजे आत्ताच ३९ च्या आसपास. आता तुम्ही १० लिटर मिठाचं पाणी घातलंत. त्यात ३५० ग्रॅम मीठ आलं. १०० लिटरमध्ये ३ किलो ८५० ग्रॅम झालं, ३८.५ पीपीटी. पाणी पुन्हा रेघेवर आलं आणि तुम्ही समाधानाने टोपण लावलंत. असं महिन्यात सहा वेळा केलंत तर ५ किलो ६०० ग्रॅम. ५६ पीपीटी! लाल समुद्र सगळ्यात खाऱ्या समुद्रांपैकी एक, तोही ४० च्या आसपासच आहे.

"मग पाणी बदलताना मिठाचं पाणी का घालतो?" हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि गोंधळाचं मूळही इथेच आहे. पाणी भरणं, म्हणजे टॉप-अप, वेगळं आणि पाणी बदलणं वेगळं. बदलताना तुम्ही नळी लावून १० लिटर बाहेर काढता, त्याच्याबरोबर ३५० ग्रॅम मीठही बाहेर जातं. म्हणून तेवढं परत द्यायचं. भरताना मीठ बाहेर गेलेलंच नसतं. स्वतःला एवढंच विचारा: हे पाणी बादलीत गेलं की हवेत गेलं? बादलीत गेलं तर मिठाचं. हवेत गेलं तर साधं.

एका दर्शकाने लिहिलं होतं, "खडे मीठसुद्धा समुद्रातूनच येतं, मग मरीन सॉल्टचा हट्ट का?" त्यांना मी तेव्हा एका ओळीत उत्तर दिलं होतं, ते अपुरं होतं. नीट सांगते. मिठागरात समुद्राचं पाणी वाफ्यात घेतात आणि उन्हात उडू देतात. आटता आटता आधी कॅल्शियमचे क्षार खाली बसतात, मग आपलं नेहमीचं मीठ, सोडियम क्लोराइड, त्याचे खडे धरतात. शेवटी मॅग्नेशियमने भरलेलं कडवट पाणी उरतं, ते काढून टाकतात. म्हणजे मिठागरातून येतं ते समुद्रातलं एकच मीठ वेचून काढलेलं. रीफला कॅल्शियम लिटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर लागतं, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास, शिवाय अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातला कार्बोनेटचा साठा. कोरलचा सांगाडाच कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. नुसत्या खडे मिठात तो उभा राहणार कशाचा?

आणि बघा, मिठागर तरी काय करतं? पाणी उडू देतं, मीठ राखतं, वर परत खारं पाणी घेतं. पुन्हा उडू देतं, पुन्हा घेतं. तुम्ही उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी भरता तेव्हा अगदी हेच करता. त्यात जिवंत प्राणी असताना.

या विषयातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगते. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाचं ब्रिटिश जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुठल्याही महासागराचं पाणी घ्या, कमी खारट असो की जास्त, त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच. बदलतं ते पाणी. ऊन जास्त असलं की पाणी उडतं, नद्या आणि पाऊस आले की वाढतं. महासागराचा टॉप-अपही साध्या पाण्याचाच आहे. पाऊस खारा पडत नाही.

नळाचं पाणी टॉप-अपला चालेल का, हेही त्याच सूत्राने तपासा. उडतं फक्त पाणी. नळाच्या पाण्यातलं नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट, पाइपमधून आलेलं तांबं, सगळं मागे राहतं आणि दर भरणीला साचत जातं. तांबं तर श्रिंप-शंखांना विषच. म्हणून मीठ कालवायला जसं आरओडीआय, तसंच टॉप-अपलाही.

आता हे पांढरं बघा, कडेला फुलासारखं जमलंय. ही मिठाची खपली. बुडबुडे फुटून तुषार उडतात, त्यातून थोडं मीठ खरंच बाहेर जातं. स्किमरच्या कपातूनही जातं. त्यामुळे फक्त साधं पाणी भरत राहिलात तर काही आठवड्यांनी आकडा किंचित खाली येऊ शकतो. तो पाणी बदलताना दुरुस्त करायचा, नवं पाणी अर्धा-एक पीपीटी जास्त ठेवून. टँकमध्ये थेट मीठ टाकून कधीच नाही. कोरलवर पडलेला खडा तिथलं मांस जाळतो.

मोजायचं कशाने? रिफ्रॅक्टोमीटर घ्या, आणि तो ३५ पीपीटीच्या तयार द्रावणाने जुळवून घ्या. साध्या पाण्यावर शून्य बरोबर आलं म्हणून ३५ वर बरोबर येईलच असं नाही. माझ्यासारखा आकडा वर गेलेला सापडला तर घाईने खाली आणू नका. मी दिवसाला १ पीपीटीपेक्षा जास्त हलवत नाही. ६० लिटरमध्ये ४४ वरून ४३ वर यायला साधारण सव्वा ते दीड लिटर टँकचं पाणी काढून तेवढंच साधं घालायचं. दुसऱ्या दिवशी मोजायचं, मग पुढचं.

कोरलबद्दल थोडं. आकडा महिनाभर ३५ ला चिकटून राहिला की मशरूम, लेदर, झोआ या कोरलांपासून सुरुवात करा. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा, नेहमी. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं भयंकर विष असतं. झोआ असलेला दगड उकळत्या पाण्यात घालून स्वच्छ करायला कधीही जाऊ नका, त्या वाफेने माणसं हॉस्पिटलात गेली आहेत. आणि कोरल घ्यायचं ते टँकमध्ये वाढवलेल्या कोरलचं फ्रॅग, म्हणजे छोटा तुकडा. कठीण कोरलांचा व्यापार साइट्स या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये येतो, तेव्हा कागदपत्रं आणि आपापल्या देशाचा कायदा बघूनच. खडकावरून तोडून आणलेलं माझ्या टँकमध्ये येत नाही.

ब्लू टँगचं विचारणाऱ्यांनो, तो मासा फूटभर वाढतो. १०० लिटरमध्ये नाही. क्लाउनफिशची जोडी घ्या, बऱ्याच ठिकाणी टँकमध्येच जन्मलेली मिळते.

शेवटचा प्रश्न, "रोज भरायला वेळ नाही, एटीओ लावू का?" जरूर लावा. एटीओ म्हणजे पाणी आपोआप भरणारं यंत्र. सेन्सर पातळी बघतो आणि पंप साधं पाणी सोडतो. पंखा लावून टँक थंड ठेवत असाल तर लावाच, कारण तेव्हा पाणी फार उडतं. फक्त एटीओच्या डब्याचा आकार नीट निवडा. सेन्सर अडकला तर अख्खा डबा एकदम टँकमध्ये रिकामा होईल असं धरून चाला. १०० लिटरला ५ लिटरचा डबा असेल तर ३५ चं ३३ च्या थोडं वर येईल, सगळे जगतील. ३० लिटरचा डबा असेल तर २७ वर येईल, आणि जमिनीवर तळं होईल ते वेगळं. डब्यावर मोठ्या अक्षरात "साधं पाणी" लिहून ठेवा. घरात दुसरं कुणी भरणार असेल तर नक्कीच.

चला, आता हा जग आरओडीआय पाण्याने भरलेला आहे. टीडीएस शून्य. हळूहळू, वेव्हमेकरच्या झोतात ओततेय, म्हणजे लगेच मिसळेल. कॅमेरा रेघेवरच ठेवते. अजून थोडं. टेकलं टेपला.