गोष्ट लिहू नका, पेच मांडा

इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी रोल-प्लेइंग गेम, म्हणजे टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका पात्राच्या भूमिकेत गोष्ट पुढे न्यायचा खेळ, खेळलेला आहे. आता तुम्हाला तो चालवायचा आहे, म्हणजे प्रसंग मांडणारा आणि निवाडा करणारा गेम मास्टर व्हायचंय. म्हणून मी थेट माझ्या पहिल्या सेशनपासून सुरुवात करते.

पहिल्या साहसासाठी मी 30 पानं लिहिली होती. एक पडका वाडा, खाली तळघर, तळघरात सगळी गंमत. तळघराच्या दाराला कुलूप होतं आणि किल्ली शोधायला वीस बाजूंचा फासा टाकायचा होता. पहिल्याने टाकला, 4 पडले. दुसरीने टाकला, 7. किल्ली सापडेना. माझी 26 पानं त्या दारापलीकडे होती. वीस मिनिटं सगळे वाड्यात नुसते फिरत राहिले. शेवटी मी म्हटलं, "बरं, सापडली किल्ली." त्यावर मैत्रिणीने अगदी साधेपणाने विचारलं, "मग फासा कशाला टाकायला लावलास?"

त्या प्रश्नाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही नियमावलीने शिकवलं नाही. घरी जाऊन हिशेब केला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या रोल-प्लेइंग गेमच्या पाचव्या आवृत्तीत मध्यम अवघड कामाला 15 हा आकडा धरतात; फासा आणि पात्राच्या कौशल्याची भर मिळून तो गाठायचा. पात्राला 3 ची भर असेल तर फाशावर 12 किंवा जास्त पडायला हवेत, म्हणजे वीसपैकी नऊ बाजू, 45 टक्के. दोघांनी प्रयत्न केला तरी दोघंही चुकण्याची शक्यता 30 टक्के. दहापैकी तीन वेळा माझा खेळ दारातच संपणार होता, आणि ते मीच तसं रचलं होतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. अपयश आलं तरी खेळ कुठेतरी पुढे जाणार असेल, तरच फासा टाकायला सांगते. किल्ली सापडली नाही, तर कुलूप तोडता येतं. पण आवाज होतो आणि वरच्या मजल्यावर कोणीतरी जागं होतं. दुसरं, जी माहिती मिळाल्याशिवाय खेळ अडेल, ती किमान तीन ठिकाणी ठेवते. त्यातली एक तर फासा न टाकताच हाती लागावी.

पण मुळात 30 पानं लिहिणं हीच चूक होती. हा खेळ जन्मला कसा ते पाहा. प्रशियाच्या सैन्यात एकोणिसाव्या शतकात अधिकारी नकाशावर युद्धाचा खेळ खेळायचे, निवाड्याला एक पंच असायचा. 1969 च्या सुमारास अमेरिकेत मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी तसाच खेळ मांडला. फरक एवढाच, की काही खेळाडूंना सैन्याऐवजी त्या गावातली एकेक माणसं दिली. कोणी महापौर, कोणी बँकर. प्रत्येकाचा हेतू वेगळा. लढाई राहिली बाजूला, लोक आपापल्या उद्योगांना लागले, गोंधळ उडाला. वेस्लींना वाटलं, फसलं. खेळाडू मात्र पुन्हा खेळू या म्हणून मागे लागले. त्या मंडळींतले डेव्ह आर्नेसन पुढे गॅरी गायगॅक्स यांच्याबरोबर 1974 मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' घेऊन आले. मला ही हकीकत फार आवडते. वेस्लींना जो गोंधळ वाटला, तोच तर हा खेळ होता!

म्हणून मी आता पेच मांडते, एका कागदावर. जुन्नरजवळचा नाणेघाट तुम्ही पाहिला असेल. वर दगडी रांजण आहे, त्यात जकात जमा करत असं सांगतात. माझ्या साहसात तो रांजण एका रात्रीत रिकामा झालेला आहे. चौकीच्या नाईकाला ही गोष्ट लपवायचीय. एका व्यापाऱ्याला आपला माल तपासला जायला नकोय. पहाऱ्यावरच्या पोराने काहीतरी पाहिलंय, पण तो नाईकाचा भाचा आहे. परवा पहाटे तांडा घाट उतरून कल्याणच्या वाटेला लागणार. खेळाडूंनी काहीच केलं नाही, तर माल जाईल आणि पोरावर आळ येईल. झालं, तयारी एवढीच. कोणाला काय हवंय आणि कोणी मध्ये पडलं नाही तर काय होईल. शेवट मी लिहीत नाही.

टेबलावर तीन-चार जण पुरेत, वेळ तीन तास. सुरू करण्याआधी कोणाला कोणता विषय नको आहे ते जरूर विचारा. पाच मिनिटं लागतात. वर्णन लांबवू नका. धुकं, ओल्या बैलांचा वास, बास. मग लगेच विचारा, "काय करताय?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. नवख्याला ही शांतता जड जाते, मलाही जायची. तरी बसा.

मागच्या वेळी हेच साहस चालवताना एका मुलीने बराच विचार केला आणि म्हणाली, "मी रात्रभर रांजणातच लपून बसते." माझ्या कागदावर तसलं काहीच नव्हतं. मी विचारलं, "वरून झाकण कोण लावतंय?" आणि टेबलावरचे बाकी तिघं एकमेकांकडे पाहू लागले.