रस्ता रुंद करून सुटणार नाही हो!

नमस्कार मंडळी! रत्नागिरीच्या ट्रॅफिकवर बोल म्हणून तुम्ही मागे लागलात. आणि मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट एकच: ‘मारुती मंदिरचा रस्ता रुंद करा, विषय संपला.’

नकाशा तुम्हाला पाठ आहे. दक्षिणेला भाट्याची खाडी, उत्तरेला साखरतरची, पश्चिमेला समुद्र. मग शहर वाढणार ते पूर्वेला, नाचणे-कुवारबावकडे. तिकडचा माणूस बाजारात निघाला की फिरून फिरून मारुती मंदिरलाच येणार. झालं.

आता खरी गोम. माझी मावशी पऱ्यापलीकडे, म्हणजे ओढ्यापलीकडे राहते. पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरायची, साकव, म्हणजे चालत जायचा छोटा पूल, ओलांडला की तिचं अंगण. निघताना फोन केला तर चहाला उकळी यायच्या आत पोचतो. परवा तिला सिलिंडर द्यायचा होता, म्हणून स्कूटर काढली. बाहेर मेन रोडला आलो, मारुती मंदिरच्या सर्कलला अडकलो, पुढच्या फाट्यावरून परत आत. वीस मिनिटं! अहो, मला शहरात जायचंच नव्हतं!

त्या साकवाच्या जागी गाडी जाईल एवढा पूल असता, तर मी मेन रोडवर दिसलोच नसतो. असे उगाच तिथे आलेले किती असतील?

अजून पटत नसेल तर पेडवा माशाचा काटा बघा. मधला एक, बाजूचे सगळे त्याला चिकटलेले, पण एकमेकांना जोडलेले नाहीत. आपल्या वाड्यांचे रस्ते तसेच. मधला जाड केलात म्हणून बाजूचे जुळतील?

कोणीतरी विचारणारच, ‘चालत का नाही गेलास?’ बाबा रे, भरलेला सिलिंडर घेऊन पावसात शेवाळलेल्या पाखाडीवरून उतरून दाखव, मग बोलू.

मग जोडरस्ते होत का नाहीत? विकास आराखड्यात रेघ असते, जागेवर दगडांचा गडगा. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे: आराखड्यात रस्त्यासाठी राखलेली जागा १० वर्षांत घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, पुढच्या २४ महिन्यांत हालचाल झाली नाही की आरक्षण रद्द. त्यात आपला सातबारा सामायिक. नावं डझनभर, निम्मे मुंबईला, ते एकत्र भेटणार गणपतीत. तेव्हा जमिनीचा विषय काढून बघा!

तुमच्याकडे असा साकव असेल तर खाली लिहा, कुठून कुठे, आणि गाडीने किती वळसा पडतो. मावशीचा सिलिंडर संपायच्या आत पुढचा व्हिडिओ टाकतो.